काचेच्या पेटीतील प्रवाळबाग

आपल्याकडील कित्येक घरांत, दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, शंखशिंपल्यांच्या शेजारी एक पांढरीशुभ्र, फांद्या फुटलेली वस्तू मांडून ठेवलेली आढळते. कोणे काळी आजोबांनी रामेश्वरच्या वा कन्याकुमारीच्या यात्रेहून परतताना ती हौसेने आणलेली असते. घरातील मुले तिला समुद्रातले झाड म्हणतात. मोठी माणसे समुद्रातला दगड म्हणतात. वस्तुतः ती झाडही नव्हे आणि दगडही नव्हे. तो प्रवाळ नावाच्या प्राण्यांचा सांगाडा होय. ज्यांनी तो बांधला ते जीव केव्हाच मरून गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे रंगही गेले.

ह्याच प्रवाळाच्या जिवंत फांदीचा बोटभर तुकडा काढून तो काचेच्या पेटीत लावला, तर त्यापासून नवे प्रवाळ वाढू शकते, असे सांगितल्यास पुष्कळांना नवल वाटेल. परंतु अमेरिका, जर्मनी, इंग्लंड इत्यादी देशांतील हौशी मंडळींनी आपल्या घरी आणि शास्त्रज्ञांनी आपल्या प्रयोगशाळांत अशा प्रवाळबागा फुलविल्या आहेत. अशी पेटी कशी सिद्ध करतात आणि ती माणसाकडून काय काय मागते, ह्याची माहिती ह्या लेखात देण्याचे योजिले आहे. मात्र एक गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. आपल्या देशात खडक रचणारी प्रवाळे घरी बाळगण्यास कायद्याने मनाई आहे. त्यामागील कारण योग्य स्थळी येईलच. तरीही ही विद्या समजून घेण्याजोगी आहे. कारण समुद्रातील प्रवाळे कशामुळे जगतात आणि कशामुळे मरतात, हे ह्या लहानशा पेटीइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसते.

झाड, दगड की प्राणी?

प्रवाळ म्हणजे काय, ह्याविषयी विद्वानांतही दीर्घकाळ मतभेद होते. अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपात ती एक समुद्री वनस्पती मानली जाई आणि तिच्यावर उमलणाऱ्या नाजूक तंतूंना फुले समजत. पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने १७२० च्या दशकात जिवंत प्रवाळ समुद्राच्या पाण्यात ठेवून त्याचे निरीक्षण केले आणि ही 'फुले' म्हणजे प्राणी आहेत, असे प्रतिपादन केले. त्या काळच्या पंडितांनी त्याचे म्हणणे प्रथम मनावर घेतले नाही. पुढे कित्येक वर्षांनी त्यांना ते मान्य करावे लागले.

ह्या प्राण्याला पॉलिप म्हणतात. एक लहानशी पिशवी, तिला वरच्या अंगाला एक तोंड आणि तोंडाभोवती तंतूंची झालर, एवढेच त्याचे शरीर. समुद्राच्या पाण्यातील चुन्याचा अंश घेऊन तो आपल्या बुडाशी कठीण बैठक रचतो. एकाचे दोन, दोनाचे चार अशी त्यांची संख्या वाढते आणि हजारो पॉलिपांची मिळून एक वसाहत होते. पॉलिपाच्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म शैवल राहते. हे शैवल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. यजमान त्याला आश्रय देतो. प्रवाळाच्या रंगांत ह्या भाडेकरूचा हात मोठा असतो. ह्या दोघांचे बिनसले, की दोघांचेही दिवस भरतात. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे सारे मर्म ह्या एका गोष्टीत आहे.

छाटकलमाची रीत

गुलाबाची फांदी छाटून दुसऱ्या कुंडीत खोचली की ती मूळ धरते, हे आपण नित्य पाहतो. प्रवाळाचेही तसेच आहे. वादळात लाटांच्या तडाख्याने फांदी मोडून खाली पडली आणि तिला स्थिर जागा मिळाली, तर ती तेथेच चिकटून वाढू लागते. निसर्गाचीच ही रीत माणसाने उचलली.

परंतु फांदी जगवावयाची तर तिच्यासाठी समुद्रच घरात आणावयास हवा, आणि तीच मोठी अडचण होती. मासे काचेच्या पेटीत ठेवण्याची हौस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोपात वाढीस लागली. प्रवाळे मात्र त्या पेट्यांत टिकत नसत. ह्या कामी लक्षात राहण्यासारखा एक प्रयोग आशियात झाला. जाकार्ता येथील ली चिन एंग ह्या गृहस्थांनी १९६१ साली आपली पद्धत एका अमेरिकन मासिकात प्रसिद्ध केली. त्यांच्यापाशी गाळण्याची यंत्रे नव्हती. त्यांनी पेटीत समुद्राचे पाणी भरले, समुद्रातील जीवजंतूंनी व्यापलेले दगड त्यात रचले, सूर्यप्रकाश येऊ दिला आणि बारीक नळीतून हवेचे बुडबुडे सोडले. एवढ्यावर त्यांच्या पेटीत मासे आणि प्रवाळे नांदू लागली. पाणी शुद्ध राखण्याचे काम यंत्रांनी नव्हे, तर दगडांत वस्ती करून असलेल्या जीवाणूंनी केले होते. आजची प्रवाळपेटी पुष्कळ सुधारली आहे. तिचा पाया मात्र हाच आहे.

पेटी आणि पाणी

प्रवाळाच्या वाढीसाठी वापरावयाची पेटी उंच नसावी, पसरट असावी. एक ते सव्वा फूट खोली पुरे होते, कारण त्यामुळे प्रकाश तळापर्यंत पोहोचतो आणि तुकड्यांची निगा राखताना हात सहज घालता येतो. आकार लहान म्हणजे काम सोपे, असे नवशिक्यास वाटते. प्रत्यक्षात उलट असते. विहिरीत लोटाभर मीठ पडले तर कोणाच्या ध्यानीही येणार नाही. तेच तांब्यात पडले तर पाणी पिण्याजोगे राहणार नाही. पाणी जितके थोडे तितका त्याचा स्वभाव चंचल. म्हणून ६० ते १०० लिटरांहून लहान पेटीने आरंभ करू नये, असे जाणते सांगतात. १०० लिटर पाण्याचे वजनच १०० किलो होते. त्यात काच आणि दगड मिळविले म्हणजे पेटीखालील चौरंग किती भक्कम असावा लागतो, ह्याची कल्पना येईल.

नळाचे पाणी जसेच्या तसे चालत नाही. त्यातील क्लोरीन, तांब्याचे अंश आणि खतांचे अवशेष प्रवाळांस घातक असतात. पाणी आधी गाळण यंत्रातून पूर्ण शुद्ध करून घेतात आणि मग त्यात समुद्री क्षारांचे तयार मिश्रण दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम ह्या प्रमाणात विरघळवितात. स्वयंपाकाचे मीठ येथे निरुपयोगी. कारण समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आदी अनेक द्रव्ये ठरावीक प्रमाणात असतात. खारेपणा मोजण्याचे लहानसे उपकरण मिळते. ते हाताशी ठेवल्यावाचून ह्या वाटेस जाऊ नये.

येथे एक साधी पण पुष्कळांस चकविणारी गोष्ट आहे. उघड्या पेटीतील पाणी रोज थोडे थोडे वाफ होऊन उडते. मीठ मात्र मागेच राहते. त्यामुळे पेटी खाली गेलेली दिसली म्हणून तीत खारे पाणी भरले, तर खारेपणा दिवसेंदिवस वाढत जातो. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने करावयाची असते.

थांबण्याचे दिवस

पाणी तयार झाले, दगड रचले, पंप सुरू झाला, म्हणजे प्रवाळ लावण्यास हरकत नाही, असे कोणासही वाटेल. पण खरी परीक्षा येथेच असते. पेटीत जे जे कुजते त्यापासून अमोनिया होतो आणि अमोनिया हे विष आहे. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात; तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे पुष्कळ सौम्य असते. दगडाच्या अंतर्भागात, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे राहणारे जीवाणू ह्या नायट्रेटचे साध्या नत्रवायूत रूपांतर करून ते हवेत सोडून देतात. ही सारी मंडळी पेटीत स्थायिक होण्यास साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. त्यानंतरही काचेवर तपकिरी थर येतो, हिरवे शेवाळ माजते आणि गोगलगायी ते खाऊन हळूहळू संपवितात. अनुभवी माणूस कठीण सांगाड्याच्या प्रवाळास हात लावण्यापूर्वी कित्येक महिने नुसते पाणी सांभाळीत बसतो. विरजण लावल्यावर भांडे हलवू नये, असे आपल्या घरांत सांगतात. ह्या पेटीचेही तसेच आहे. जीवाणूंना त्यांचे काम करू द्यावे लागते.

प्रवाळाची भूक

प्रवाळास चार गोष्टी लागतात: प्रकाश, प्रवाह, चुना आणि स्थैर्य.

प्रकाश शैवलासाठी हवा. समुद्रात काही मीटर खोलीवर पोहोचणारा प्रकाश निळसर असतो. म्हणून पेटीवरील विजेच्या दिव्यांतही निळ्या किरणांचा भर ठेवतात आणि ते दिवसातून ८ ते १० तास लावतात. नव्याने आणलेला तुकडा एकदम प्रखर प्रकाशात ठेवला तर तो करपतो. त्यास कडेच्या मंद उजेडात ठेवून क्रमाक्रमाने मध्यभागी आणावे लागते.

प्रवाह हा प्रवाळाचा वारा होय. स्वतः जागचे हलता येत नसल्यामुळे अन्न आणि प्राणवायू त्याच्यापर्यंत पाण्यानेच आणून द्यावयाचे असतात आणि त्याच्या अंगावरील मळही पाण्यानेच धुऊन न्यावयाचा असतो. ह्यासाठी लहान पंप बसवितात. त्यांची दिशा आलटून पालटून बदलावी, एकाच जागी धार बसू नये, एवढी काळजी घेतात. वीज गेली आणि पाणी थांबले, तर काही तासांतच पेटीतील प्राणवायू कमी होऊ लागतो. म्हणून विजेरीवर चालणारा हवेचा पंप जवळ बाळगणे, ही ह्या छंदातील पहिली विमापॉलिसी मानतात.

चुना हे त्याचे बांधकामाचे साहित्य. पाण्यात दर लिटरला सुमारे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १२५० ते १३५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असावे लागते. पाण्याची अल्कताही ठरावीक पातळीवर राखावी लागते. प्रवाळे वाढू लागली की ह्या द्रव्यांचा साठा सरत जातो. तो भरून काढण्याचा एक जुना उपाय आपल्या परिचयाचा आहे. पानाला लावावयाचा चुना पाण्यात कालवून ठेवला म्हणजे वर जी स्वच्छ निवळी येते, तीच ही निवळी! पेटर विल्केन्स ह्यांनी १९७० च्या दशकात युरोपातील प्रवाळपालकांत हिचा प्रसार केला. अर्थात पेटीसाठी प्रयोगशाळेत वापरतात तसा शुद्ध चुनाच घ्यावा लागतो. निवळी अतिशय दाहक असल्याने हातात मोजे घालून, वाफ झालेल्या पाण्याच्या बदली, थेंब थेंब करून ती सोडतात. घाईने एकदम ओतली, तर पेटीतील सारे जीव दगावतात.

चौथी गोष्ट स्थैर्याची आणि ती सर्वांत कठीण. पाण्याचे तपमान २५ ते २६ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते. आपल्याकडे वैशाखात खोलीतील पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते. तेव्हा पंख्याच्या वाऱ्याने वा थंड करणाऱ्या यंत्राने ते खाली आणावे लागते. दर आठवड्यास पेटीतील साधारण दहावा हिस्सा पाणी बदलावयाचे, खारेपणा मोजावयाचा, कॅल्शियम तपासावयाचे आणि ते सारे वहीत टिपून ठेवावयाचे, हा नेम असतो. ज्या घरात ही वही नीट भरली जाते, त्या घरातील प्रवाळे बहुधा जगतात.

तुकडा लावणे

मातृवसाहत चांगली रुजून वाढू लागली, म्हणजे मगच तिच्यावर हत्यार चालवितात. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावणे अगत्याचे असते. कारण प्रवाळांच्या काही आप्तांच्या अंगी पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. अशा जीवांनी व्यापलेला दगड उकळल्यास विष वाफेबरोबर हवेत मिसळून घरातील माणसे आजारी पडू शकतात. म्हणून पेटीतील दगड कधीही उकळू नयेत, हा नियम आहे.

फांदीचा एक इंच लांबीचा तुकडा तीक्ष्ण कात्रीने स्वच्छ छाटतात. तो चिनी मातीच्या छोट्या चकतीवर, पाण्यातही घट्ट होणाऱ्या गोंदाच्या थेंबाने चिकटवितात आणि मंद प्रकाशात, हलक्या प्रवाहात ठेवतात. पहिले दिवस तो मिटून बसतो. एक-दोन आठवड्यांत छाटलेल्या कडेवर मांसल पातळ थर पसरतो, जखम भरून येते आणि पुढे काही दिवसांनी बुडाशी एक नाजूक किनार चकतीवर सरकू लागलेली दिसते. तुकड्याने जागा धरली, असे समजावयाचे. फांद्यांचे प्रवाळ अनुकूल स्थितीत वर्षाला १० सेंटीमीटर वा त्याहूनही अधिक वाढते. घुमटाकार, भरीव जातींना सेंटीमीटरभर वाढण्यास वर्ष लागते.

ह्या भरीव जातींविषयी एक शोध योगायोगाने लागला. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात मोट सागरी प्रयोगशाळेत डेव्हिड वॉन हे शास्त्रज्ञ एक प्रवाळ हलवीत असता ते तुटले आणि त्याचे अगदी बारीक कण टाकीच्या तळाशी चिकटून राहिले. ते मेले असावेत अशी त्यांची समजूत होती. पण थोड्याच आठवड्यांत ते कण कितीतरी वाढलेले आढळले. जखम भरून काढण्याच्या धडपडीत प्रवाळ नेहमीपेक्षा कित्येक पट वेगाने वाढते, असे त्यातून दिसून आले. एकाच वसाहतीचे असे कण जवळजवळ लावले, तर ते एकमेकांस भेटताच पुन्हा एकजीव होतात.

ह्या रीतीत एक उणीव मात्र आहे. छाटकलमाची सारी झाडे जशी एकाच वाणाची, तशीच ही प्रवाळेही हुबेहूब एकसारखी असतात. एखादा रोग एकास बाधला तर तो सर्वांस बाधू शकतो. निसर्गात प्रवाळे वर्षातील ठरावीक रात्री, चंद्राच्या कलांच्या हिशोबाने, आपली बीजे पाण्यात सोडतात आणि त्यातून नव्या गुणांची संतती निर्माण होते. लंडनमधील हॉर्निमन संग्रहालयात चंद्रप्रकाश, ऋतू आणि तपमान ह्यांचे हुबेहूब अनुकरण करून २०१३ साली बंद टाकीत असे बीजप्रसवन घडवून आणण्यात आले. फ्लॉरिडा येथील मत्स्यालयातही २०१९ साली संकटग्रस्त अशा स्तंभप्रवाळाचे प्रसवन प्रथमच मानवी देखरेखीखाली झाले.

आपला समुद्र, आपला कायदा

आता आरंभी मागे ठेवलेल्या प्रश्नाकडे वळू. कच्छचे आखात, मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही आपल्या देशातील प्रवाळांची मुख्य स्थाने होत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासही ती अगदी अनोळखी नाहीत. मालवणच्या खडकांवर ती आहेत आणि विजयदुर्गापासून दूर समुद्रात, कान्होजी आंग्रे ह्यांचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक हा प्रवाळमय उथळा आहे. खुद्द मुंबईत वरळी आणि हाजी अली येथील खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आढळल्या आणि किनारी रस्त्याच्या बांधकामामुळे २०२० साली त्यांपैकी १८ वसाहती उचलून अन्यत्र लावण्यात आल्या.

एके काळी मन्नारच्या आखातातून प्रवाळदगड चुन्यासाठी आणि बांधकामासाठी होड्या भरभरून काढला जात असे. भिंत रचण्यास समुद्राला शतके लागली. ती फोडण्यास पहारीचा एक दिवस पुरला. अशा ऱ्हासाला आळा घालण्यासाठी २००१ साली खडक रचणाऱ्या सर्व प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. वाघास जे संरक्षण, तेच प्रवाळास! ते समुद्रातून काढणे, विकणे वा बाळगणे हा अपराध आहे. मग ते जिवंत असो की मृत. एखादा दुकानदार "साहेब, हे परदेशी आहे" असे सांगून पेटीसाठी प्रवाळ पुढे करील; परंतु त्यावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचेही निर्बंध आहेत, हे विसरू नये. पेटीतील एका सुंदर तुकड्यामागे समुद्रातील किती तुटलेल्या फांद्या आहेत, हे घेणाऱ्यास कधीच कळत नाही.

शासनाच्या अनुमतीने संशोधन करणाऱ्या संस्थांनी मात्र ही छाटकलमाची विद्या आपल्या समुद्रात चांगली उपयोगात आणली आहे. तुतिकोरिन येथील सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्था २००२ सालापासून मन्नारच्या आखातात प्रवाळांचे तुकडे काँक्रीटच्या चौकटींवर लावून उजाड तळ पुन्हा वसवीत आहे. गुजरातेत मिठापूरच्या समुद्रात २०२० साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने वनविभागाच्या साहाय्याने निराळा प्रयोग केला. लोखंडी सांगाडा पाण्यात ठेवून त्यातून विजेचा अगदी सौम्य प्रवाह सोडला म्हणजे त्यावर चुन्याचा थर आपोआप साचतो. अशा सांगाड्यावर तेथे प्रवाळांचे तुकडे बांधण्यात आले.

पेटीने दिलेला धडा

हे वाचून कोणास वाटेल, की मग चिंता कसली? मोडलेले प्रवाळ तुकडे लावून पुन्हा वाढविता येते, तर समुद्रही पुन्हा भरून काढता येईल. दुर्दैवाने पेटीचा अनुभव तसे सांगत नाही. प्रवाळ मोडण्याची क्षमा करते. पाणी बिघडण्याची करीत नाही. त्याची फांदी छाटा, ते पुन्हा फुटेल. त्याचे बारीक तुकडे करा, तेही जगतील. परंतु पाण्याचे तपमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल मर्यादेपेक्षा अवघा एक अंश वर जाऊन काही आठवडे तेथेच राहिले, तर पॉलिप आपल्या पोटातील शैवलास बाहेर काढून टाकतो. रंग जातो, पांढरा सांगाडा आतून दिसू लागतो. ह्यालाच विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर शैवल परत येते. न निवल्यास प्रवाळ उपासमारीने मरते.

१९९८ सालच्या अशा विरंजनाने लक्षद्वीपमधील प्रवाळांची मोठी हानी केली. २०१० आणि २०१६ सालीही आपल्या समुद्रांत हे संकट आले. जानेवारी २०२३ पासून आलेल्या चौथ्या जागतिक विरंजनात २०२५ च्या पूर्वार्धापर्यंत जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्रास घातक उष्णता सोसावी लागली. फ्लॉरिडात २०२३ च्या उन्हाळ्यात समुद्र इतका तापला, की वर्षानुवर्षे कष्टाने समुद्रात लावलेले तुकडे पाहता पाहता पांढरे पडले. तेथील कार्यकर्त्यांनी समुद्रातील रोपवाटिकांतून हजारो तुकडे घाईघाईने उचलून किनाऱ्यावरील टाक्यांत आणले. काचेच्या आणि सिमेंटच्या त्या टाक्या त्या वेळी प्रवाळांचे आश्रयस्थान झाल्या. परंतु आश्रयस्थान म्हणजे घर नव्हे. टाकीतील पाणी यंत्राने थंड करता येते. समुद्रावर पंखा लावता येत नाही.

सागरतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागा व्यापणाऱ्या ह्या प्रवाळांच्या आश्रयाने समुद्रातील सुमारे एक चतुर्थांश जीवजाती राहतात. कोळ्यांच्या जाळ्यात येणारी मासळी, लाटांपासून किनाऱ्याचे होणारे रक्षण आणि लक्षद्वीपसारख्या बेटांचे अस्तित्वदेखील त्यांवर अवलंबून आहे. मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, तेव्हापासून मुलांच्या कित्येक पिढ्यांनी काचेला नाक लावून समुद्र प्रथम तेथेच पाहिला. काचेपलीकडचा जीव आपलासा वाटू लागला, म्हणजे त्याच्या घराचीही काळजी वाटू लागते. पेटीचा खरा उपयोग हाच.

म्हणून ज्या घरातील मुलामुलींस ही हौस असेल, त्यांनी गोड्या पाण्याच्या साध्या पेटीपासून आरंभ करावा. त्यातही तेच जीवाणू, तेच अमोनियाचे भय आणि तोच धीर लागतो; ती वही चार महिने नेमाने भरणारे मूल पुढे सागरी जीवशास्त्राकडे वळले, तर त्याचा पाया पक्का झालेला असेल. जिवंत प्रवाळ पाहण्याची इच्छा असल्यास जामनगरनजीक नरारा येथे ओहोटीच्या वेळी, वनविभागाच्या परवानगीने आणि वाटाड्याच्या सोबतीने पाण्यातून चालत जाऊन ते पाहता येते. मालवणला वा अंदमानात पाण्याखाली डोकावण्याचा योग आला, तर प्रवाळावर पाय ठेवू नये, त्याला हात लावू नये आणि नाविकास त्यावर नांगर टाकू देऊ नये. किनाऱ्यावरील विक्रेत्याने पांढरी फांदी पुढे केली, तर ती घेऊ नये. गिऱ्हाईक नसेल तर तोडणारा हातही थांबेल.

आणि कपाटातील तो जुना तुकडा? त्याच्याविषयी वनविभागाच्या जवळच्या कार्यालयात विचारणा करावी, हे उत्तम. परंतु तत्पूर्वी एकदा तो मुलांच्या समोर ठेवून भिंगातून दाखवावा. त्याच्या अंगावर जी असंख्य बारीक छिद्रे दिसतील, त्या प्रत्येकात एके काळी एक जीव राहत होता, हे त्यांना सांगावे. मग ती त्याला झाडही म्हणणार नाहीत आणि दगडही म्हणणार नाहीत.